कापसाच्या वाटेवरची गोदावरी

वऱ्हाडचा कापूस नदीतून समुद्राला न्यायचा, ही कल्पना १८५१ मध्ये सरकारी कागदांवर आली आणि १८७१ मध्ये सरकारी हुकमानेच निकालात निघाली. मधल्या वीस वर्षांत गोदावरीच्या पात्रात बंधारे उभे राहिले, खडकातून कालवे खोदले गेले, उथळ पाण्यात चालणाऱ्या आगबोटी सोडल्या गेल्या, निजामाशी नवा तह झाला आणि जंगलातले सिरोंचा हे गाव जिल्ह्याचे ठाणे बनले. ज्या कापसासाठी हा खटाटोप चालला होता त्याचा एक मोठा बाजार खामगावला भरत असे. तो कापूस पूर्वेच्या नदीकडे वळला नाही. तो पश्चिमेला, मुंबईकडे गेला.

नदीची ही कल्पना कशी सुचली हे समजायला बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा पुरेसा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि लोकही त्यांना घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख असेच म्हणतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद ही सपाट काळ्या मातीवरची गावे. तिथल्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा उत्तरेला पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. घाटावरचे पाणी नेमके उलट वाहते. पैनगंगा बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते, मेहकरावरून पुढे वाशीम, हिंगोली, यवतमाळ, नांदेडच्या हद्दी शिवत चंद्रपूरच्या बाजूला वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होतात, प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीखाली बंगालच्या उपसागरात. जिल्ह्याच्या दक्षिण कडेला खडकपूर्णा आहे; तीही गोदावरीचीच. एका जिल्ह्यात दोन पूर्णा आणि दोघींचे समुद्र वेगळे, असा हा प्रकार आहे. लंडनमध्ये बसून नकाशा पाहणाऱ्याला त्यात एक सरळ निळी रेघ दिसली: वऱ्हाडच्या काळ्या मातीपासून थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत. पैनगंगेत स्वतः बोट चालणार नाही हे उघड होते. सहस्रकुंडाचा धबधबा तिच्याच पात्रात आहे. पण वर्धेपासून खाली मोठ्या नद्या होत्या आणि त्यांच्यावर हिशेब बांधला गेला.

तोपर्यंत वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. चाकाच्या गाडीला साजेसे रस्ते फार थोडे होते, म्हणून लांबची वाहतूक बंजारा तांड्यांच्या हातात होती. शेकडो, कधी हजारो लदणीच्या बैलांचा तांडा नायकाच्या हुकमतीखाली चाले, दिवसाला काही कोस तोडे आणि मिळेल त्या कुरणावर उतरे. किनाऱ्यावरून मीठ वर यायचे आणि परतीला धान्य किंवा कापूस जायचा. मिठाशिवाय या व्यापाराचा हिशेब पुरा होत नाही. रिकामा बैल परत नेणे कोणालाच परवडत नव्हते, आणि पुढे गोदावरीच्या बोटींचा हिशेब मांडतानाही वर येणारा माल म्हणून पहिले नाव मिठाचेच घेतले गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसाची मोठी वाट ईशान्येला होती. तांडे नागपूरमार्गे गंगेवरच्या मिर्झापूरला जात. अमरावतीपासून हे अंतर पाचशे मैलांच्या घरात होते. मिर्झापूरला कापूस नावेत भरला जाई आणि गंगेतून कलकत्त्याला पोहोचे. म्हणजे नदीतून कापूस नेणे ही वऱ्हाडला नवी गोष्ट नव्हती, फक्त नदी फार लांब होती. १८४२ मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, असे गॅझेटियरात नमूद आहे. आकडा फुगवलेला असेल, पण व्यापाराची दिशा त्यातून कळते. वाटेत पाऊस गाठला तर सैल बांधलेली रुई भिजे, वजन वाढावे म्हणून कोणी मुद्दामही भिजवी, धुळीने ती मळे, आणि रात्रीच्या मुक्कामाला उतरवलेल्या गोणीत माती व काडीकचरा शिरे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानी कापसाला नावे ठेवली त्यात आखूड धाग्याइतकाच या वाटेचाही वाटा होता.

मुंबईची वाट पारशी व्यापाऱ्यांनी उघडली. विकाजी आणि पेस्तनजी यांच्या पेढीने १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून मुंबईला पहिला मोठा माल धाडला: पाचशे बैलांवर लादलेला एक लाख वीस हजार पौंड कापूस, मुंबईच्या भावाने सुमारे २५ हजार रुपयांचा. याच घराण्याने निजामाला कर्जे दिली, त्या बदल्यात वऱ्हाडच्या महसुलावर ताबा मिळवला आणि कापूस दाबून बांधण्याचे स्क्रू प्रेस बसवले. खामगावची पेठही याच काळात वाढली. १८२० च्या सुमाराला काही व्यापाऱ्यांनी तिथे दुकाने घातली तेव्हा विक्रीला तूप, सूत आणि थोडासा कापूस होता. पुढच्या चाळीस वर्षांत तूप आणि सूत मागे पडले आणि कापसाच्या गाड्यांनी गावाचे मैदान भरू लागले. घाटावर मेहकरची गोष्ट वेगळी होती. पैनगंगेकाठच्या त्या गावात मोमीन विणकरांची जुनी वस्ती होती आणि तिथली धोतरे दूरवर विकली जात. ज्या काळात कच्चा कापूस बाहेर नेण्याच्या वाटा शोधल्या जात होत्या, त्याच काळात त्या विणकरांचे माग विलायती कापडापुढे एकेक करून बंद पडत होते. जलमार्गाच्या अहवालांत त्यांचा विचार नाही, कारण त्यांचा कापूस कुठे जायचाच नव्हता.

१८५३ च्या मे महिन्यात निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिले. ताबा मिळताच दोन जिल्हे केले गेले: उत्तर वऱ्हाडचे ठाणे बुलढाण्याला, दक्षिण वऱ्हाडचे हिंगोलीला. बुलढाणा हे उंचावरचे थंड हवेचे लहानसे गाव होते. साहेबलोकांना ते मानवले असावे. १८५७ च्या धामधुमीत इथला कारभार मेडोज टेलर पाहत होता, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक. उत्तरेत उठाव पेटला असता वऱ्हाड बव्हंशी शांत राहिले.

त्याच १८५७ मध्ये मँचेस्टरला कॉटन सप्लाय असोसिएशन स्थापन झाली. लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलामांनी पिकवलेल्या कापसावर चालत होत्या, आणि हा पुरवठा एक दिवस तुटेल ही भीती जाणत्या गिरणीवाल्यांना होती. जॉन ब्राइटच्या अध्यक्षतेखाली १८४८ मध्ये पार्लमेंटच्या समितीने हिंदुस्थानी कापसाची चौकशी केलेलीच होती. तिच्यापुढे साक्षीदारांनी पुनःपुन्हा सांगितले की कापूस पिकतो, पण बंदरापर्यंत पोहोचेतो त्याची किंमत वाहतुकीतच जाते. मँचेस्टरला आता दोन कामे तातडीने हवी होती: धारवाडच्या कापसासाठी कारवारचे बंदर आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी गोदावरीचा जलमार्ग. पैसे मात्र हिंदुस्थान सरकारने, म्हणजे इथल्या रयतेच्या महसुलातून, घालावेत असा त्यांचा आग्रह होता.

गोदावरीच्या मागे आर्थर कॉटन उभा होता. हा मद्रास इंजिनिअर्समधला अधिकारी १८०३ चा जन्मलेला; तंजावरकडे कोल्लिडम नदीवर त्याने १८३६ मध्ये बंधारे बांधले होते आणि १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीखाली धवळेश्वरम येथे गोदावरी अडवली होती. तिथे नदी बेटांनी विभागून सुमारे चार मैल रुंद पसरते. त्या पसाऱ्यावर उभा राहिलेला दगडी बंधारा, त्यातून निघालेले कालवे आणि कालव्यांतून एकाच वेळी शेताला पाणी आणि नावांना वाट, या कामाने कॉटनचे नाव झाले. आंध्रच्या त्या त्रिभुज प्रदेशात आजही त्याचे पुतळे आहेत आणि लोक त्यांना हार घालतात. कॉटनचे मत ठाम होते: हिंदुस्थानला आगगाडी परवडणार नाही, त्याला कालवे आणि नद्या हव्यात. जड, स्वस्त माल लांब न्यायचा तर पाण्याइतके स्वस्त वाहन दुसरे नाही. १८५४ मध्ये त्याने ‘पब्लिक वर्क्स इन इंडिया’ हे पुस्तक लिहून ते सविस्तर मांडले. लोखंडी रुळांवर भाळलेल्या काळात हे मत प्रवाहाविरुद्ध होते, आणि कॉटनचा स्वभावही विरोध झाला की आवाज चढवण्याचा होता.

धवळेश्वरमचा बंधारा होत आला असतानाच कॉटनने नदीच्या वरच्या अंगाकडे बोट दाखवले. समुद्रापासून बंधाऱ्यापर्यंत आणि काकिनाडा बंदरापर्यंत कालवे होतेच. तिथून वर पापीकोंडलूच्या खिंडीतून, भद्राचलमवरून, सिरोंचापर्यंत आणि पुढे प्राणहिता-वर्धेतून हिंगणघाटच्या कापूस मुलखाजवळ बोट नेता आली तर शेकडो मैलांचा जलमार्ग तयार होणार होता. पाहणीचे काम एफ. टी. हैग या तरुण लष्करी इंजिनिअरकडे आले. १८५६ मध्ये त्याने गोदावरीच्या नौकानयनयोग्यतेवर अहवाल दिला आणि पुढे या कामाचा कर्ताधर्ताही तोच झाला.

हैगच्या पाहणीत नदीचे खरे रूप कळले. बरेचसे पात्र संथ आणि खोल होते, पण तीन ठिकाणी कठीण खडकाचे पट्टे आडवे आले होते. कागदपत्रांत त्यांना पहिला, दुसरा आणि तिसरा अडसर असे आकडे मिळाले आणि पुढची पंधरा वर्षे सगळी चर्चा याच आकड्यांत झाली. पहिला भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, धवळेश्वरमपासून शंभरावर मैलांवर. दुसरा त्याच्याही वर सत्तरेक मैलांवर इंचमपल्लीला, इंद्रावतीच्या संगमाच्या आसपास. तिसरा प्राणहितेत, देवलमरीच्या बाजूला, अहेरीच्या रानात. प्रत्येक ठिकाणी नदी मैलोगणती खडकांतून फुटून, फेसाळत उतरते. उतारूची लहान होडी पावसाळ्यात तिथून कशीबशी काढता येई. भरलेली बोट वर नेणे अशक्य.

यावर उपाय ठरला तो असा. अडसराच्या माथ्यावर बंधारा बांधून पाणी उचलायचे, नदीच्या कडेने कालवा खोदायचा आणि कालव्यात पायऱ्यांसारखी लॉक बसवायची. लॉक म्हणजे दोन्ही तोंडांना दारे असलेला लांबट दगडी हौद. खालून आलेली बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरचे पाणी सोडायचे. हौद भरला की बोट आपोआप वरच्या पातळीला येते आणि पुढचे दार उघडून वाटेला लागते. तत्त्व सोपे आहे आणि युरोपात शतकानुशतके वापरात होते. गोदावरीवर अवघड होते ते प्रमाण. पावसाळ्यात ही नदी कित्येक मीटर चढते. कालव्याचे तोंड, दारे, भिंती सगळे त्या पुरात टिकले पाहिजे, आणि दगड फोडायला वर्षाचे चार-पाच कोरडे महिनेच हातात.

बंधारे पुरे होण्याआधीच आगबोटी आल्या. समुद्रावरच्या आगबोटी इथे निरुपयोगी होत्या. नदीसाठी सपाट तळाच्या, दोन-तीन फूट पाण्यात तरंगणाऱ्या बोटी लागत. इंधन म्हणून काठावरच्या जंगलातले लाकूड भरपूर होते. बोटीवरचे यंत्र साहेबी असले तरी नदी ओळखणारा माणूस स्थानिकच लागे. गोदावरीची धार दर पावसाळ्यात जागा बदलते. काल जिथे डोह होता तिथे आज वाळूची पट्टी असते. लांब काठीने खोली मोजत, पाण्याच्या रंगावरून आणि भोवऱ्यांवरून वाट सांगणारे तेलुगू नावाडी नसते तर एकही आगबोट पहिल्या अडसरापर्यंत पोहोचली नसती. अहवालांत या नावाड्यांची नावे नाहीत, इंजिनिअरांची आहेत. अडसराशी आले की माल उतरवायचा, जमिनीवरून पलीकडे न्यायचा आणि तिथे उभ्या दुसऱ्या बोटीत भरायचा, अशी तात्पुरती व्यवस्था होती. तीन अडसर म्हणजे तीनदा उतरवणे, तीनदा चढवणे. हमालीचा हा खर्च पाण्याच्या स्वस्ताईला तिथेच गिळत होता.

राजकीय अडथळा मात्र झपाट्याने दूर झाला. नदीचा डावा काठ सिरोंचापासून भद्राचलमपर्यंत बराचसा निजामाच्या हद्दीत होता आणि ठिकठिकाणी जकात द्यावी लागे. २६ डिसेंबर १८६० च्या तहाने हा प्रश्न सुटला. रायचूर दोआब आणि धाराशीव निजामाला परत मिळाले, सुरपूरचे संस्थान मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. बदल्यात निजामाने डाव्या काठचे सिरोंचा, अलबाका, नुगूर, चेरला, भद्राचलम, राकापल्ली हे मुलूख सोडले आणि गोदावरीवरून जाणाऱ्या मालावर कोणतीही जकात न घेण्याचे मान्य केले. वऱ्हाड मात्र ब्रिटिशांकडेच राहिले, आता तारण म्हणून. बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा सारा कोणाच्या खजिन्यात पडावा आणि भद्राचलमसमोरून कोणाची बोट जावी, हे दोन्ही एकाच कागदावर ठरले. नव्या मुलखाचा ‘अपर गोदावरी’ जिल्हा झाला, ठाणे सिरोंचाला बसले आणि पहिला डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड झाला. सिरोंचा तालुक्यातल्या ग्लासफोर्डपेठ्याच्या नावात तो अजून आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्याचा चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल याने नदीची पाहणी करून सविस्तर अहवाल दिला आणि कामाला आपले वजन दिले.

१८६१ मध्येच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरची भीती खरी झाली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, हिंदुस्थानी कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले, आणि वऱ्हाडात ज्वारीच्या शेतातही कापूस दिसू लागला. गोदावरीच्या कामाला एवढे अनुकूल वारे पुन्हा कधी मिळाले नाहीत. पण तेजीनेच कामाचे हातही पळवले. मजुरी सगळीकडे वाढली होती; गाव सोडून अहेरीच्या रानात दगड फोडायला यावे असे कोणाला वाटेना. जे आले त्यांना हिवतापाने गाठले. नदीकाठच्या त्या जंगलात ताप हा कायमचा रहिवासी होता, मजुरांच्या छावण्यांत पटकीही शिरत असे, आणि इंजिनिअरांतलेही अनेक जण आजारी पडून रजेवर जात. दरवर्षी पावसाळा आला की काम थांबे, आणि पूर ओसरल्यावर आधी गाळ उपसण्यात व पडझड दुरुस्त करण्यात काही आठवडे जात. दुम्मागुडेमचे काम पूर्णत्वाला गेले, इंचमपल्लीचे अर्धवट राहिले, तिसऱ्याची नुसती सुरुवात झाली. हैग या काळात दुम्मागुडेमलाच तळ ठोकून होता. धार्मिक वृत्तीच्या या अधिकाऱ्याने तिथल्या कोया आदिवासींमध्ये मिशनचे काम सुरू करून दिले. ते जलमार्गाहून कितीतरी जास्त टिकले.

युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले आणि मग लोक शांतपणे हिशेब करू लागले. तेव्हा लक्षात आले की खडक हा या योजनेचा सर्वांत मोठा अडसर नव्हताच. सर्वांत मोठा अडसर होता कॅलेंडर. वऱ्हाडात कापूस मृगावर पेरतात. बोंडे फुटतात ती दिवाळीच्या आसपास, वेचणी माघापर्यंत चालते आणि बाजाराचा खरा भर पौष-माघात असतो. गोदावरी मात्र आषाढ ते कार्तिक भरलेली असते. श्रावण-भाद्रपदात तर धार इतकी तीव्र की वर येणाऱ्या आगबोटीला लाकूड जाळूनही पुढे सरकणे कठीण. खामगाव-अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागते तेव्हा प्राणहितेच्या पात्रात डोहांच्या मधून पाण्याची पट्टी उरलेली असते. नदी वाहते तेव्हा कापूस नाही आणि कापूस येतो तेव्हा नदी नाही.

योजनेच्या समर्थकांनी यावर दोन उत्तरे दिली. एक, वरच्या भागात साठवण तलाव बांधून उन्हाळ्यात पात्रात पाणी सोडायचे. त्याचा खर्च मूळ योजनेहून वेगळा होता आणि ते कधी झाले नाही. दुसरे, कापूस पावसाळ्यापर्यंत काठावर साठवून पहिल्या पुराबरोबर खाली सोडायचा. हे उत्तर इंजिनिअरचे होते, व्यापाऱ्याचे नव्हते. अडत्याचा पैसा व्याजाचा असतो. जानेवारीत विकत घेतलेला माल जूनपर्यंत झाकून ठेवायचा म्हणजे पाच महिन्यांचे व्याज, आगीची धास्ती, आणि तोवर लिव्हरपूलचा भाव कुठे असेल याचा नेम नाही. उलट कोरड्या दिवसांत, म्हणजे बाजार भरलेला असतानाच, बैलगाडीची वाट उघडी असते.

घाटाखालच्या बुलढाण्याला तर नदीचा हिशेब कधीच बसणारा नव्हता. खामगावची गाडी पूर्वेला वर्धेच्या काठी न्यायची तर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, बैलांच्या चालीने आठ-दहा दिवस. तिथून पुढे तीन अडसर, आणि शेवटी काकिनाडा. ते बंदरही उथळ. मोठी जहाजे दूर समुद्रात नांगर टाकत आणि माल पडावांतून न्यावा लागे. मुख्य म्हणजे काकिनाड्यात कापसाचे गिऱ्हाईक नव्हते. दलाल, सट्टा, प्रतवारी, विमा, लिव्हरपूलच्या पेढ्यांचे मुनीम, सगळे मुंबईत होते. माल जिथे विकला जातो तिथेच तो जातो, मग वाट थोडी महाग असली तरी चालते.

तीही वाट महाग राहिली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने भुसावळहून फाटा काढून पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून रूळ टाकले. पुराचा धोका सोडला तर रेल्वेला याहून सोपी जमीन मिळाली नसती: ना घाट, ना बोगदा. १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्टेशने झाली. १८६५ च्या आरंभी थळ घाटाचा रस्ता खुला होऊन मुंबईपर्यंत अखंड गाडी धावू लागली आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. म्हणजे ज्या नागपूर-वऱ्हाडचा कापूस गोदावरीने न्यायचा होता तिथे दुम्मागुडेमची लॉक चालू होत असतानाच इंजिनाची शिटी वाजत होती. कॉटनने वर्षानुवर्षे दिलेला इशारा असा होता की आगगाडी पाण्याहून कितीतरी महाग पडेल. मैलाच्या भाड्याचा विचार केला तर तो चुकत नव्हता. पण गाडी बाराही महिने चालत होती.

रेल्वेच्या मुख्य मार्गापासून खामगाव मात्र आठ मैल बाजूला राहिले होते. वऱ्हाडच्या सर्वांत मोठ्या कापूस बाजाराला गाडीने टाळावे हे कोणालाच रुचणारे नव्हते. जलंबपासून खामगावपर्यंत सरकारी खर्चाने फाटा बांधला गेला. त्या वेळी कापूस कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नक होता, बी-बियाण्यापासून दाबाच्या यंत्रापर्यंत सगळ्यात लक्ष घालणारा अधिकारी. ४ मार्च १८७० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावचा फाटा खुला झाला. व्हाइसरॉयने आठ मैलांच्या फाट्याच्या उद्घाटनाला यावे यात त्या बाजाराचे वजन दिसते. काळही नेमका जुळून आला होता. चार महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १८६९ मध्ये, सुएझचा कालवा सुरू झाला होता आणि मुंबई ते युरोप हे अंतर आफ्रिकेच्या वळशातून सुटले होते. १८७० मध्येच समुद्राखालून तार येऊन मुंबई लंडनशी जोडली गेली. खामगावच्या प्रेसमध्ये वाफेच्या यंत्राने दाबलेली गाठ आता साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर रुळांवरून मुंबईला, तिथून सुएझमार्गे लिव्हरपूलला जाणार होती, आणि भाव तारेने त्याहून आधी खामगावात पोहोचणार होता.

पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, याच मेयोच्या सरकारने गोदावरीचे काम बंद करण्याचा हुकूम काढला. कारण सरळ होते: खर्च वाढत चालला आहे, वाहतूक नगण्य आहे आणि रेल्वेमुळे ती वाढण्याची आशा नाही. अपर गोदावरी जिल्हाही फार काळ राहिला नाही. १८७४ मध्ये त्याचा दक्षिणेकडील भाग मद्रास इलाख्यात गेला आणि सिरोंचा पुढे चांदा जिल्ह्यात मिळाले. कॉटनने हार मानली नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर पार्लमेंटच्या समितीपुढे सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा पुन्हा कालव्यांची बाजू लढवायला उभा राहिला. समितीने त्याचा नौकानयनाचा आराखडा स्वीकारला नाही. रेल्वेवरचा बेसुमार खर्च आणि पाटबंधाऱ्यांची हेळसांड हा मुद्दा पुढे रमेशचंद्र दत्तांसारख्या हिंदी अर्थकारांनीही लावून धरला. कॉटन गोदावरीबाबत व्यापाराच्या हिशेबात हरला, पण शेतीच्या पाण्याबाबत त्याचे म्हणणे खोटे ठरले असे म्हणवत नाही.

कापसाने रुळांची वाट धरल्यावर जिल्ह्याची घडण बदलली. घाटाखालची स्टेशनाची गावे जिनिंग-प्रेसिंगची गावे झाली. मलकापूर, नांदुरा, शेगावला सरकी काढण्याचे कारखाने आणि धुराडी उभी राहिली. १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबईत सुरू झालेल्या फोलकार्ट ब्रदर्स या स्विस पेढीने १८७० च्या दशकात खामगावला आपली एजन्सी उघडली. परदेशी खरेदीदार आता मुंबईत वाट पाहत बसत नव्हता, तो थेट बाजारात येऊन बसला. घाटावरच्या चिखली-मेहकरच्या शेतकऱ्याला आपली गाडी घाट उतरवून खामगावला किंवा मलकापूरला आणावी लागे. पैनगंगेच्या काठचा कापूस तिच्या प्रवाहाविरुद्ध दिशेने गेला, तो असा. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते बुलढाण्याला जोडले गेले आणि घाटावरचा व घाटाखालचा सगळा मुलूख एका जिल्ह्यात आला. दोघांना जोडणारा खामगाव-जालना लोहमार्ग ही अनेक दशकांची मागणी आहे.

गोदावरीवर बोटी पूर्ण थांबल्या नाहीत. अहेरी-सिरोंच्याचे सागवान तराफे बांधून पुराबरोबर राजमहेंद्रीला सोडण्याचा जुना धंदा चालू राहिला. त्याला ना लॉक लागत ना कोळसा. सिरोंचा आणि कालेश्वर यांच्यामध्ये गोदावरीवर पूल होईपर्यंत माणसे, सायकली, शेळ्या, बाजाराची ओझी नावेनेच पलीकडे जात. दुम्मागुडेमचा बंधारा नदीत आहे आणि इंचमपल्लीचे नाव विसाव्या शतकात पुन्हा एका मोठ्या आंतरराज्य धरणाच्या आराखड्यात आले. सिरोंचाच्या खाली तेलंगणाने मेडीगड्डा येथे बंधारा बांधला; २०१९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. तो पाणी उपसण्यासाठी आहे, बोटींसाठी नाही.

राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ मध्ये झाला तेव्हा देशभरातल्या १११ जलमार्गांच्या यादीत गोदावरीबरोबर वैनगंगा-प्राणहिता आणि पैनगंगा-वर्धा ही नावेही आली. पैनगंगा-वर्धेचा नोंदलेला पट्टा २६५ किलोमीटरचा आहे आणि तो पैनगंगेच्या खालच्या अंगाला आहे. बुलढाणा जिल्ह्याची हद्द त्यात येत नाही.